मासा रंगवलेला नव्हता

पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतील सर्व गणेशभक्त, सर्व मत्स्यप्रेमी, तसेच या दोहोंशी काडीचाही संबंध नसताना ज्यांनी त्या वर्षी आपलं मत हिरिरीने मांडलं अशा तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येतं, की तो मासा रंगवलेला नव्हता. त्याला ब्रश लागला नव्हता, स्प्रे लागला नव्हता, हळद-कुंकूसुद्धा लागलं नव्हतं. हे निवेदन यायला उशीर झाला याची मला कल्पना आहे. काही नागरिक दरम्यान मुलांकडे पुण्याला राहायला गेले, काही त्याहून लांब गेले. तरी जे उरलेत त्यांच्यातला एखादा अजून नागोठण्याच्या स्टँडवर भेटला की डोळा बारीक करून विचारतो, "काय, हल्ली कोणता रंग वापरता?" म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. मी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होतो आणि वरसेला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. एका खोलीत मी, दुसरीत मासे. मुलीकडचे एकदा घर बघायला आले, तेव्हा मुलीच्या मामांनी दोन्ही खोल्या नीट पाहून घेतल्या आणि विचारलं, "यांच्यापैकी लग्नानंतर कोण राहणार?" ते स्थळ तिथेच संपलं. मासे राहिले.

माझी थोरली बहीण पेणला दिलेली. दाजींचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला धुराडं दिसतं. पेणमध्ये कारखाना म्हणजे पुढे ओटी, मागे पत्र्याची लांब शेड, आणि शेडभर ओले, सुकलेले, पांढरे केलेले, अर्धवट रंगलेले गणपती. दाजी बोलायला कमी आणि हाताने पक्के. त्यांच्या मूर्तीचे डोळे बघायला दुसऱ्या कारखान्यातली माणसं मुद्दाम चक्कर मारत. पण दाजींना स्वतःला अभिमान होता तो डोळ्यांचा नाही, रंगाचा. "आपला रंग बोटाला येत नाय," हे वाक्य ते वर्षातून दोनदा बोलत, आणि दोन्ही वेळा ताई म्हणायची, "झालं का सांगून?"

शेडमागे दाजींची शाडू भिजवायची एक जुनी सिमेंटची टाकी बारा महिने रिकामी पडलेली असे. रिकामी टाकी मला बघवत नाही. मुंबईहून मी पिशवीतून मासे आणले आणि तिच्यात सोडले. ते आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातले सिक्लिड होते. बोटाएवढे, अंगाला आत्ताच हळद लावून पाटावर बसवल्यासारखे पिवळे, आणि त्यावर तोंडापासून शेपटीपर्यंत गेलेले काळे पट्टे, पट्ट्यांना बारीक पांढरी कड. दुकानदाराला नाव विचारलं तर म्हणाला, "यलो." पुढे काही आहे का विचारलं तर म्हणाला, "यलो सिक्लिड." त्या काळात तेवढी ओळख पुरत असे. पिवळा तो यलो, निळा तो ब्लू, आणि ज्याचा रंग सांगता येत नाही तो इम्पोर्टेड.

आता पाटाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलं. आमच्याकडे ज्यांच्या घरी गणपती येतो ते आपल्या घरचा पाट काही आठवडे आधी कारखान्यात नेऊन देतात. पाटाच्या पाठीवर खडूने खूण केलेली असते. त्या पाटावरच मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाटावर मातीचा पहिला गोळा बसला, की तो पाट मग चतुर्थीपर्यंत कोणी हलवत नाही. गोळा बसायच्या आधी मात्र ज्याचा त्याला परत नेता येतो. येतो म्हणजे तशी मुभा आहे. नेत कोणी नाही. पेणच्या आळीत दिलेला पाट परत नेणं म्हणजे साखरपुडा मोडण्यातला प्रकार. एक पाट दारातून बाहेर पडला की समोरची ओटी बघते, शेजारची ओटी बघते, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या पाटांचे मालक 'सहज आलो होतो' म्हणत दारात उभे राहतात.

त्या वर्षी आमच्या कंपनीतले स्टोअरचे साहेब वरसेच्या कॉलनीतल्या वीसेक घरांचे पाट टेम्पोत घालून दाजींकडे घेऊन आले. दाजींच्या कारखान्याला एवढं एकगठ्ठा काम पहिल्यांदाच मिळत होतं. माझ्याच ओळखीने आलं, म्हणून मी दोन दिवस छाती काढून फिरलो. टेम्पोतून साहेबांच्या आईही आल्या होत्या. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरावर आयुष्य काढलेल्या. मुलगा साहेब झाला म्हणून त्यांनी आपली बोली बदलली नव्हती. त्यांनी गणपती पाहिले, मग मागे जाऊन टाकी पाहिली आणि ताईला म्हणाल्या, "हळदीचं अंग हाय गो ह्यांचं. शुभ वाटतं." एवढं ऐकल्यावर दाजी कसले थांबतात. तीन मासे पिशवीत बांधून त्यांनी आजींच्या हातात दिले. साहेबांच्या हॉलमध्ये मी काचेची टाकी मांडून दिली, पंप लावला, दर आठवड्याला जाऊन पाणी बदलू लागलो. आजी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसत. टीव्ही मागे पडला.

सगळं असं मजेत चाललेलं असताना एक दिवस मी पहिली शिफ्ट संपवून गेटबाहेर आलो, तर साहेब स्कूटर उभी करून माझी वाट बघत होते. त्यांनी मला मागे बसवून थेट घरी नेलं. हॉलमध्ये आजी, साहेबांच्या पत्नी, शेजारचे तिघे-चौघे, सगळे टाकीसमोर. कोणी गेलंय की काय असं वाटावं असे उभे.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मासा आहे, साहेब."

"ते दिसतंय. कोणता?"

टाकीत तीन मासे होते. दोन पिवळे, एका कोपऱ्यात दगडामागे दडलेले, शेपट्या फाटलेल्या. तिसरा मधोमध, काळाकुट्ट. त्याच्या अंगावर जिथे पिवळं होतं तिथे काळं आलं होतं आणि जिथे काळा पट्टा होता तिथे फिकट निळसर रेघ. कॅमेऱ्याचा रोल धुवून आणल्यावर निगेटिव्ह उजेडाला धरलं तर जसं दिसतं, तसा तो मासा पहिल्या माशाचं निगेटिव्ह झाला होता. आणि माज तर असा की आमच्या सगळ्यांकडे बघत काचेला येऊन थडकत होता.

"चार-पाच दिवस जरा मळकट दिसत होता," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना सगळी कॉलनी वहिनी म्हणे. "मला वाटलं आजारी आहे. आज बघते तर हा असा."

"पिवळा म्हणून दिलेला, काळा झाला," आजी म्हणाल्या. "आणि त्या दोघांना जीव नकोसा केलाय ह्यानं. सणावाराचं घरात ह्ये नको, मी सांगून ठेवते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. स्टोअरमध्ये आलेल्या मालाची खोकी परत पाठवायची असली की ते असाच चष्मा पुसत. "आपण टेक्निकल माणसं आहोत," ते म्हणाले. "बाजारात माशांना रंग देतात हे मी ऐकून आहे. सुईने देतात, बुडवून देतात. मासा मुळात काळा. त्याला वरून पिवळा मारला. पाण्यात राहून पिवळा उडाला, मूळचा काळा दिसायला लागला. इतर ठिकाणी पेंटर शोधावा लागतो. इथे घरचाच होता."

मी म्हणालो, "साहेब, दाजी असं करणार नाहीत."

"ज्याचा रंग माशावर टिकत नाही," साहेब म्हणाले, "त्याचा गणपतीवर काय टिकणार?"

हे वाक्य फार चांगलं होतं. इतकं चांगलं की संध्याकाळी मला ते किराणाच्या दुकानात ऐकू आलं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये. कॉलनीतल्या लोकांनी मग ठरवून टाकलं: येत्या रविवारी टेम्पो करायचा आणि सगळे पाट परत आणायचे. सोमवारी दाजी पाटांवर माती बसवायला घेणार होते. म्हणजे रविवार हाच शेवटचा दिवस.

वहिनी तशा सरळ बाई. त्यांनी जाळीने तो काळा मासा बाहेर काढला, ओल्या कापसाने पाठीवरून हलकेच पुसला आणि कापूस सगळ्यांना दाखवला. कापूस पांढराशुभ्र. "कुठे आहे रंग?"

"म्हणजे ऑइल पेंट आहे," साहेब म्हणाले.

मी घरी आलो आणि माझ्याकडचं एकुलतं एक माशांचं पुस्तक काढलं. मुंबईच्या फुटपाथवर घेतलेलं, अर्धी पानं गळालेली. त्यात पिवळा सापडला. पुढे बऱ्याच पानांनंतर काळाही सापडला, पण त्याच्याखाली नाव निराळं. मी धावत जाऊन साहेबांना दाखवलं, की बघा, असा काळा मासा जगात असतो, कोणी रंगवलेला नाही. साहेबांनी दोन्ही पानं शांतपणे पाहिली. "म्हणजे हा दुसराच मासा आहे," ते म्हणाले. "रंगवला नाही, बदलला. पाणी बदलायला दर आठवड्याला कोण येतं?"

एका तासात कॉलनीत दोन पक्ष पडले. एक म्हणे दाजींनी रंगवला, दुसरा म्हणे मी बदलला. पाट परत आणण्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत.

आज तीसेक वर्षं हे मासे पाळल्यावर मला ठाऊक आहे, की सिक्लिड ओळखायचा तर रंग सगळ्यात शेवटी बघायचा. तोंडाचा आकार बघा, पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा, तो लहान आहे की मोठा, कोणाबरोबर राहतो, ते विचारा. आणि हे सगळं झाल्यावर रंगाकडे नजर टाका, तीही संशयाने. रंग वयाने बदलतो, भीतीने उतरतो, विणीच्या दिवसांत चढतो. पुस्तकातला तो काळा मासा आमच्या माशाचा चुलतभाऊ होता, तोंडवळा जवळजवळ तोच. आमच्या माशाच्या नराचा फोटो बहुधा गळालेल्या पानांत गेला होता.

पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं? मी दाजींना बोलावून घेतलं. ते स्वतः येऊन सांगतील की मी रंगवलेला नाही, आणि त्यांचा चेहराच असा होता की कोणीही विश्वास ठेवला असता. शटल गाडीने रोह्याला उतरले, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांच्या हॉलमध्ये कॉलनीतले सगळे पाटवाले जमले होते. दाजींनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ टाकीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि काळ्या माशाकडे बघत राहिले. हॉलमध्ये पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. मी मनात म्हणत होतो, दाजी, बोला. एक वाक्य बोला.

दाजी बोलले. "काम चांगलंय," ते म्हणाले.

साहेबांनी मान वळवून पाटवाल्यांकडे पाहिलं.

"आधी सगळीकडून काळा मारून घेतलाय. रेघ नंतर काढलेली नाय, तेवढी जागा सोडलीय. पाठीवर फिकट ठेवलाय तिथे काळा कसा विरत नेलाय बघा. ब्रशनं नाय होत हे. कंप्रेसर पाहिजे आणि हात पाहिजे." मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून, "मेहुणे, हा माणूस कोण हो?"

पेणच्या माणसाला रंग दिसला की आधी तो मारणारा हात दिसतो. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, ते फक्त पावती देत होते, एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी तशी. पण ऐकणाऱ्यांना काय ऐकू आलं ते मला समोर दिसत होतं. साहेबांनी चष्मा पुसला. "आता यांनीच सांगितलं," ते म्हणाले. "रविवारी टेम्पो सातला निघेल."

परतीच्या गाडीला बसेपर्यंत दाजींना आपण काय करून बसलो ते कळलं होतं. प्लॅटफॉर्मवर उभे राहून ते एवढंच म्हणाले, "नाव गेलं तर माती कोणासाठी भिजवायची?" गाडी गेल्यावर मी सरळ एसटीडी बूथ गाठलं आणि मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला.

"तुमचा यलो काळा झाला," मी म्हणालो.

"एकच झाला ना?" तो शांतपणे म्हणाला.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"अरे भाई, तो नर आहे. टाकीत जो दादा होतो तो काळा होतो. बाकीचे पिवळे राहतात."

"मग हे सिद्ध कसं करायचं? इथे लोक ऐकत नाहीत."

"दादाला उचल. दुसऱ्या टाकीत टाक. उरलेल्यांत नर असेल तर आता तो दादा होणार, तो काळा होणार."

"आणि उरलेल्यांत नर आहे की नाही हे कसं कळणार?"

"काळा झाला की कळेल," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी धापा टाकत साहेबांकडे गेलो आणि सगळ्यांसमोर ही उपपत्ती मांडली. साहेब हसले. पण वहिनी म्हणाल्या, "रविवारपर्यंत वेळ आहे. मासे आपल्याच घरात आहेत. इथे येऊन कोण रंगवणार आहे? बघूया की." आजीही म्हणाल्या, "ह्या काळ्याला आधी घरातनं काढा, मग काय ते बघा." शेवटी काळा मासा बरणीत घालून मी पेणला पोचवला. राहिलेल्या दोघांच्या टाकीवर साहेबांनी झाकण ठेवलं, झाकणाच्या चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पट्टीवर आपली सही केली. स्टोअरमधल्या कोणत्याही खोक्याला ते असंच सील करत. खाणं टाकायला वहिनींसाठी एक फट ठेवली. आणि मला सांगण्यात आलं, की रविवारपर्यंत मी त्या घराची पायरी चढायची नाही.

त्या आठवड्यात माझं जे झालं ते मी शत्रूलाही सांगणार नाही, पण तुम्हाला सांगतो. दोन पिवळ्या माशांपैकी एक तरी नर निघावा म्हणून मी असा व्याकूळ झालो होतो, की बाळंतपणाच्या दाराबाहेर कोणी काय होईल. रोज शिफ्टला जाताना मी कॉलनीवरून वळसा घेई. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत. मी खालून वर बघे. त्या हळूच मान हलवत. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाही. गुरुवारी त्यांनी मान हलवायच्या आधी जरा विचार केला, तेवढ्यावर मी एक दिवस काढला. शुक्रवारी पुन्हा नाही.

शनिवारी सुट्टी टाकून पेणला गेलो. कॉलनीचे पाट शेडच्या भिंतीला ओळीने टेकवलेले. शाडू मळून ओल्या गोणपाटाखाली तयार. बातमी आळीत पोचलेली होती, कारण समोरच्या ओटीवरच्या काकूंनी मला पाहताच आत कोणाला तरी हाक मारली.

"दाजी," मी म्हणालो, "माती तयार आहे ना?"

"हाय."

"मग आत्ता या पाटांवर एकेक गोळा बसवून टाका. सोमवारचं काम शनिवारी. एकदा माती बसली की उद्या कोण हात लावतोय?"

दाजी हातातलं फडकं पिळत राहिले. "आणि त्यांनी काय म्हणायचं? दाजींनी पाट अडकवून ठेवला म्हणून आम्ही गणपती आणला?" ते म्हणाले. "ज्यांचं मन नाय त्या घरासाठी माझा हात चालायचा नाय, मेहुणे."

"उगाच डोकं चालवू नको," ताई आतून म्हणाली. "तुझ्या माशांनी केलंय तेवढं बास." मग बाहेर येऊन तिने माझ्यापुढे पोहे ठेवले आणि दाजींकडे न बघता म्हणाली, "उद्या एक गेला तर मागून किती जातील, धरलंय का मनाशी?" दाजी एकेक पाट घेऊन, पाठीवरची खूण सांभाळत, ओल्या फडक्याने पुसू लागले. परत द्यायचा तर स्वच्छ द्यायचा.

रविवारी सकाळी मी टाकीचा निकाल ऐकायला वरसेत नव्हतो, पेणच्या ओटीवर बसलो होतो. जायच्या आधी वहिनींना मी एक नंबर देऊन ठेवला होता, कारखान्यासमोरच्या फोटो स्टुडिओचा. नऊच्या सुमाराला टेम्पो आळीत वळला. पुढे ड्रायव्हरशेजारी आजी, आपल्या घरचा पाट आपल्या हाताने न्यायचा म्हणून आलेल्या. मागे साहेब आणि कॉलनीतले सात-आठजण. वहिनी नव्हत्या.

मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. "सकाळी बघून निघालो," ते म्हणाले. "दोन्ही पिवळे."

आळीतल्या सगळ्या ओट्यांवर एकाएकी कामं निघाली. कोणी तांदूळ निवडायला बसलं, कोणी न भिजलेली छत्री वाळत घालायला आलं. ताईने सगळ्यांना चहा दिला. पाट परत न्यायला आलेल्या माणसांनाही चहा द्यायचा असतो आणि त्यांनी तो प्यायचा असतो. त्या दिवशी मात्र सगळे बशीत ओतलेला चहा नुसता फुंकत बसले. एकजण तर म्हणाला, "साहेब, एक आठवडा थांबलो असतो तर..."

"उद्या माती बसतेय," साहेब म्हणाले.

आजी उठून शेडमध्ये काळा मासा बघायला गेल्या. बरणी खिडकीत ठेवली होती. आम्हीही मागोमाग गेलो. मासा काळा राहिलाच नव्हता. एकटा पडल्यावर, लख्ख उजेडात, त्या चिमुकल्या बरणीत त्याचा सगळा तोरा उतरला होता. मळकट तपकिरी झाला होता आणि मधूनमधून पिवळं डोकावत होतं.

"बघा," साहेब म्हणाले, "हाही उडाला."

दाजींच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. आजी मात्र वाकून बरणी न्याहाळत होत्या. "रंग उडाला तर पाणी कसं साफ?" त्या म्हणाल्या.

"आई, तुला त्यातलं कळत नाही. पक्का रंग पाण्यात उतरत नाही."

"पक्का हाय तर मग उडाला कसा?"

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "चला, पाट घ्या," ते मागच्या लोकांना म्हणाले.

पहिला पाट उचलला गेला. टेम्पोच्या पत्र्यावर तो ठेवताना जो आवाज झाला, तो आळीच्या टोकापर्यंत गेला असेल. मग दुसरा. दाजी भिंतीला पाठ लावून उभे होते आणि प्रत्येक पाटाची खूण बघून देत होते, कोणाचा कोणाला जाऊ नये म्हणून. ताई आत निघून गेली. साहेबांनी स्वतःचा पाट काखेत घेतला. तेवढ्यात समोरच्या स्टुडिओतून हाक आली, "वरसेहून फोन. साहेबांना बोलवा. बाई म्हणतात लगेच."

साहेब पाट काखेत धरूनच रस्ता ओलांडून गेले. इकडून आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "हं," ते म्हणाले. "कोण?... लहान?... नक्की?... सील?" मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. पाठीवरून माणसाचं काही कळत नाही असं म्हणतात, पण त्यांची पाठ हळूहळू खाली आली.

परत आले तेव्हा आजींनी विचारलं, "काय म्हणते ती?"

"धाकट्याचं पोट काळं पडलंय," साहेब म्हणाले. "आपण निघाल्यापासून वाढतंय. पट्टे फिके झालेत, दुसऱ्याला दगडामागे घातलंय." मग म्हणाले, "सील तसंच आहे. माझीच सही."

आळीत कोणीही तांदूळ निवडत नव्हतं.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, पाट होते तिथे ठेवा. दाजींना नमस्कार करा. आणि घरी या."

साहेबांनी पाट भिंतीशी नेऊन ठेवला, शेजारच्या पाटाच्या ओळीत नीट सरळ केला. खाली उभ्या असलेल्यांनी टेम्पोतले दोन्ही पाट परत आणले. मग साहेबांनी दाजींना नमस्कार केला, अगदी खाली वाकून. दाजी शेडच्या कोपऱ्यात गेले, गोणपाट उचललं, दोन्ही हातांत मावेल एवढा गोळा घेतला आणि साहेबांच्या पाटावर मधोमध बसवला. रविवारीच. थप्प असा आवाज झाला आणि ताई दारात येऊन उभी राहिली.

आजी मात्र अजून बरणीपाशीच होत्या. स्वतःशी बोटं मोजत हिशेब लावत होत्या. "मोठा घरातनं हलला तसा धाकट्याला रंग आला," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरात ज्याचं चालतं, तो काळा."

"तसंच आहे, आजी," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. फिकट बदामी सफारी घातलेले साहेब, फोनवरून मिळालेले सगळे हुकूम पार पाडून, टेम्पोत चढायला पाय उचलून उभे होते. आजींनी त्यांना डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ताईला विचारलं,

"मग आमचा ह्यो कधी व्हायचा गो काळा?"